विमान उतरल्यानंतर

(शहापूर येथे तरुणांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी रोज आसनगावहून लोकल पकडतो, ठाण्यातल्या एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसतो आणि रात्री परत येतो. माझं काम थोडक्यात सांगायचं तर याद्या जुळवण्याचं. एका यादीतला माणूस आणि दुसऱ्या यादीतला माणूस एकच आहे का, हे ओळखणारे प्रोग्रॅम मी लिहितो. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण आजचं माझं सगळं बोलणं शेवटी याच कामाशी येऊन थांबणार आहे.

मला विषय दिला आहे तो युद्धातून सावरणाऱ्या देशातल्या रोजच्या जगण्याचा. मी युद्ध पाहिलेलं नाही. पण एक युद्ध आमच्या घरी येऊन बरीच वर्षं राहून गेलं. ते कुवेतचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०१६ सालचा 'एअरलिफ्ट' पाहिला असेल. सिनेमात माणसं विमानात बसतात, तिरंगा दिसतो आणि आपण डोळे पुसत थिएटरबाहेर येतो. विमानं खरीच आली होती. १९९० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं करून एक लाखाहून जास्त भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून परत आणलं गेलं. त्यात माझे अब्बा होते. पण आमच्या घरातली गोष्ट विमान उतरल्यानंतर सुरू होते.

अब्बा फरवानियात राहायचे. वायरिंग आणि एसीचं काम करायचे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, अम्मीबरोबर इथे शहापुरात. सहा आठवडे आम्हाला त्यांची काही खबर नव्हती. पडघ्याचं, भिवंडीचं, कल्याणचं कुणी परत आलं असं कळलं की मामू जाऊन विचारून यायचे. अब्बा बसने बसरा, बगदाद असं करत जॉर्डनच्या सरहद्दीवर पोचले होते आणि तिथल्या वाळवंटातल्या छावणीत अकरा दिवस काढून सप्टेंबरमध्ये घरी आले. सोबत एक बॅग होती. खिशात कुवेती दिनार होते, पण ताबा घेतल्यावर इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला होता, आणि इराकी दिनार बाजारात त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. सात वर्षांची बचत एका फर्मानात वितळली. तीन महिन्यांचा पगार मालकाकडे अडकला होता तो वेगळाच.

त्या प्रवासातली एक गोष्ट अब्बा अजून सांगतात. बसऱ्याच्या अलीकडे एका गावात बस थांबली. भटारखान्यापुढे इराकी बाया रांगेत उभ्या होत्या, कारण निर्बंध लागू झाले होते आणि पीठ कमी पडायला लागलं होतं. भटारखान्यावाल्याने बसमधल्या माणसांना दोन-दोन रोट्या दिल्या. पैसे घेतले नाहीत. हा माणूस लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

शहापुरात आल्यावर पहिले पंधरा दिवस लोक भेटायला येत होते. सोळाव्या दिवसापासून उधारी सुरू झाली. अब्बांनी आसनगावच्या एका कारखान्यात रोजंदारी धरली, अम्मीने शिलाई मशीन काढली. नाक्यावरच्या किराणावाल्याने वहीत आमचं पान उघडलं आणि जवळजवळ वर्षभर ते बंद केलं नाही. तो मुसलमान नव्हता, आमचा नातलग नव्हता. "कुवेत सुरू झालं की द्याल," एवढंच म्हणाला होता.

कुवेत सुरू झालं. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस देश मुक्त झाला आणि ऑगस्टमध्ये जुन्या मालकाने व्हिसा पाठवल्यावर अब्बा परत गेले. अम्मीचं म्हणणं होतं जाऊ नका. पण किराणावाल्याचं पान भरत आलं होतं.

ते उतरले तेव्हा दुपार होती आणि गाड्यांचे दिवे लागलेले होते. माघार घेताना इराकी फौजांनी सहाशेहून जास्त तेलविहिरींना आग लावली होती. शेवटची विहीर विझली ६ नोव्हेंबर १९९१ ला. तोवर वारा फिरला की दिवसा अंधारून यायचं. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काळा व्हायचा. पाऊस पडला की तोही काळा. समुद्रकिनाऱ्यावर सुरुंग पेरलेले होते, म्हणून शुक्रवारी किनाऱ्यावर जाऊन बसायची जुनी सवय बंद झाली.

पहिलं काम होतं वीज आणि पाणी. कुवेतला नदी नाही. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारे कारखाने हेच त्यांचं धरण, आणि हे कारखाने विजेच्या केंद्रांना जोडलेले. वीज गेली की पाणी गेलं. आपल्या तालुक्यात याच्या उलटं आहे. तानसा, भातसा, वैतरणा आपल्या अंगणात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळा लागला की आपल्याच पाड्यांवर टँकर. त्यामुळे पिंपात पाणी किती उरलंय हे झाकण न उघडता, नुसतं वाजवून ओळखायचं कसब अब्बांकडे आधीपासून होतं. ते म्हणतात, शहापूरच्या माणसाला कुवेतने फारसं नवीन शिकवलं नाही.

दुसरं काम, लुटलेल्या इमारती. शाळा, दवाखाने, घरं यांतले एसी, फळे, दिवे, सगळं काढून नेलेलं. अब्बांनी त्या वर्षी नुसती वायरिंग केली. एका शाळेत काम चालू असताना एक कुवेती शिक्षिका रोज येऊन कुठल्या वर्गात दिवा लागला ते बघून जायची. तिचा भाऊ बेपत्ता होता. कुवेतने त्या युद्धातल्या ६०५ बेपत्तांची यादी केली. त्यात कुवेतीही होते आणि इतर देशांचेही. २००३ नंतर इराकमधल्या सामूहिक कबरींतून त्यांतल्या काहींचे अवशेष मिळाले, बाकीच्यांचा शोध अजून पूर्ण झालेला नाही. ती शिक्षिका मात्र १९९१ मध्ये दिवे मोजत होती, कारण शाळा सुरू करायची होती.

सावरणं हे असं दिसतं. वर्ग सुरू करायचा म्हणून दिवे मोजायचे, पिंप भरायचं, काळा झालेला सदरा पुन्हा धुवायचा.

आमच्या गल्लीतल्या बकाल्याची, म्हणजे किराणा दुकानाची गोष्ट सांगतो. मालक मल्याळी. दुकान लुटलं गेलं होतं, तो गावी जाऊन परत आला होता. त्याच्या वहीत अब्बांचे अकरा दिनार बाकी होते, पण वहीच उरली नव्हती. अब्बा पहिल्या पगारातून पैसे घेऊन गेले. मालकाला काही आठवत नव्हतं. तो म्हणाला, "तुला आठवतंय ना, मग तेवढेच असतील." त्याने नवी वही काढली आणि जमेच्या बाजूला ते अकरा दिनार लिहिले.

पण मी इथेच थांबलो तर तुमची फसवणूक होईल. कारण देश सावरत होता तेव्हा त्यातून काही माणसं वगळलीही जात होती. अब्बांना वायरिंगचे अरबी नकाशे वाचायला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद पॅलेस्टिनी होते, कित्येक वर्षं कुवेतमध्ये राहिलेले. युद्धापूर्वी तिथे पॅलेस्टिनींची संख्या चार लाखांच्या आसपास होती, त्यात शिक्षक, इंजिनीअर, कारकून. त्यांच्या नेत्यांनी सद्दामची बाजू घेतली म्हणून सगळ्या समाजावर ठपका आला. काही युद्धात निघून गेले होते त्यांना परत येऊ दिलं नाही, जे राहिले होते त्यांतल्या बहुतेकांना जावं लागलं. उस्तादांच्या खोलीला अब्बा गेले तेव्हा दाराला दुसऱ्याचं कुलूप होतं. नेत्याच्या एका भूमिकेचा हिशेब गल्लीतल्या वायरमनकडे मागितला गेला. असा हिशेब कसा असतो हे या सभागृहात मला वेगळं सांगायला नको.

आता माझ्या धंद्याकडे येतो.

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जिनिव्हात एक नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा एका निधीत जायचा आणि कुवेतवरच्या हल्ल्यामुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांना त्यातून भरपाई मिळायची. असे आयोग बरेच होतात. या आयोगाची गोष्ट वेगळी होती ती क्रमामुळे. आधी माणसं, कंपन्या आणि सरकारं नंतर. कुवेत किंवा इराक सोडून जावं लागलेल्या कुणालाही, मग तो कुठल्याही देशाचा मजूर असो, ठरावीक रक्कम. एकट्याला २,५०० डॉलर. दुसरा कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,०००. किती त्रास झाला ते सिद्ध करायची गरज नाही. तुम्ही तिथे होतात आणि तुम्हाला निघावं लागलं, एवढं पुरे.

फक्त या एका प्रकारात नऊ लाखांच्या वर अर्ज आले. सगळ्या प्रकारांचे मिळून २६ लाखांहून जास्त. ते तपासणार कसे? आयोगाने संगणक लावला. देशोदेशींच्या सरकारांनी पाठवलेले अर्ज, आणि कुवेत व इतर देशांकडून मिळालेल्या येण्याजाण्याच्या नोंदी, या याद्या एकमेकींशी जुळवल्या. जुळलं त्याला मंजुरी, उरलेल्यांची नमुना तपासणी. कॉलेजात असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुन्न बसलो होतो. जगातल्या याद्या जुळवण्याच्या मोठ्या कामांपैकी एक काम, आणि त्यातली एक ओळ म्हणजे माझे अब्बा.

ती ओळ सहज जुळणारी नव्हती. पासपोर्टवर अब्बांचं आडनाव आधी, बताक्यावर, म्हणजे कुवेतच्या ओळखपत्रावर, मध्ये आजोबांचं नाव, आणि अर्जावर तिसरंच स्पेलिंग. पण अब्बांनी एक केलं होतं. बॅगेत जागा नव्हती तेव्हा त्यांनी कपडे टाकले आणि कागद ठेवले. बताक्याची झेरॉक्स, नोकरीचा करार, पगाराच्या दोन पावत्या, निघतानाचा शिक्का. ती निळी फाइल आजही आमच्या कपाटात आहे. पगाराच्या थकबाकीचे पुरेसे पुरावे नव्हते, म्हणून त्यांनी ४,००० वाला पर्याय घेतला. बऱ्याच खेपा झाल्या आणि दहा वर्षं व्हायच्या आत दोन हप्त्यांत पैसे आले. तेव्हाच्या भावाने दीड लाखाच्या आसपास. किराणावाल्याचं पान केव्हाच फिटलं होतं, अकरा दिनारांसारखंच, कमाईतून. हे पैसे ठेवीत गेले आणि माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली गेली. एका अनोळखी प्रोग्रॅमने अब्बांचं नाव ओळखलं, म्हणून मी आज असे प्रोग्रॅम लिहितो.

पण त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले नाहीत. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "पैसा हक्काचा आहे. पण तो कुणाच्या ताटातून आलाय ते मला माहीत आहे." तो निर्बंधांनी पिचलेल्या इराकच्या तेलाचा पैसा होता. तेल विकून धान्य-औषध घेण्याची मुभा इराकला मिळाली तेव्हा त्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा या निधीत जात होता. म्हणजे चूक सद्दामची आणि भुर्दंड त्या भटारखान्यावाल्याला. मी यावर खूप विचार केला आहे आणि मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. भरपाई हवीच. पण ती कुणाकडून वसूल होते हेही विचारायला हवं.

या आयोगाने शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला. एकूण ५,२४० कोटी डॉलर, सुमारे १५ लाख दावेदारांना. आणि तो शेवटचा हप्ता कुणाचा होता? कुवेतच्या सरकारी तेल कंपनीचा. मजूर पहिल्या रांगेत आणि तेल कंपनी शेवटच्या रांगेत, असं जगात एकदा तरी घडलं आहे.

आता घरी येऊ.

१९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. मेलेल्यांच्या आणि ६० बेपत्तांच्या वारसांना भरपाई मिळाली. उरलेल्या १०८ बेपत्तांच्या कुटुंबांचा पत्ता लागला नाही. ४ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सांगितलं की ही कुटुंबं शोधा आणि जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह त्यांना २ लाख रुपये द्या. जिनिव्हात बसून वाळवंटातून निघालेला शहापूरचा वायरमन सापडतो आणि मुंबईत बसून मुंबईतली १०८ घरं सापडत नाहीत. मी या धंद्यातला माणूस आहे. हे तंत्रज्ञानाचं अपयश नाही एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मे २०२० आठवा. आपल्या समोरच्या मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसं कसाऱ्याच्या घाटाकडे चालत होती. तुमच्यातल्या अनेकांनी तिथे पाणी, खिचडी, चपला वाटल्या. मी पण होतो. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं गेलं की घरी परतताना किती मजूर मेले. श्रम मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. यादी नाही, म्हणून देणं नाही.

आणि दर वेळी आपल्याला काय मिळतं? कौतुक. मुंबईचं स्पिरिट, मजुरांची जिद्द, गरिबांचा चिवटपणा. चिवटपणा खरा आहे, मी तो घरात पाहिला आहे. पण माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो कारण वहीतलं पान भरत आलेलं असतं. त्याच्या जिद्दीचं कौतुक करून त्याचं देणं फिटत नाही. कुवेतमध्ये दिवे लागले ते माणसांच्या चिवटपणामुळे. पण ज्यांचं गेलं त्यांना काही परत मिळालं ते यादी केली म्हणून. सावरायला दोन्ही लागतं. पहिलं आपण नेहमीच करतो. दुसरं मागायला शिकलं पाहिजे, आणि मागायला कागद लागतात.

म्हणून तीन कामांची गोष्ट सांगून बसतो.

पहिलं, जे आखातात जाणार आहेत त्यांच्यासाठी. दहावी न झालेल्यांना साधारणपणे सरकारी परवानगी लागते. ती एजंटच्या भरवशावर सोडू नका, ई-मायग्रेटवर नोंद झाली का ते स्वतः पाहा. प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन वर्षांना २७५ रुपये आणि संरक्षण १० लाखांचं. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय मेले. युद्ध नसतानाही फाइल लागते. पासपोर्ट, करार, बताका, पगाराची नोंद, विमा, या पाच कागदांचा एक संच घरी अम्मीकडे आणि एक मोबाइलवर.

दुसरं, मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी. त्यांची उचल किती, विटा किती पाडल्या, हे सगळं मालकाच्या वहीत असतं. दुसरी वही त्यांच्या हातात हवी. लिहिता येत नसेल तर त्यांच्या शाळकरी मुलीला येतं. ही माणसं आपल्या जमातीची नाहीत असं कुणाच्या मनात आलं तर त्याने तो नाक्यावरचा किराणावाला आठवावा.

तिसरं, नावाचं स्पेलिंग. हसू नका. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, हे आपल्या घराघरात आहे. याद्या जुळवणारा माणूस म्हणून सांगतो, संगणकाला तुमची दया येत नाही. शांत काळात दुरुस्त करून घ्या. गडबडीच्या काळात खिडकीपुढे रांग असते.

आम्ही चार-पाच जण महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच बसतो. फी नाही. अब्बाही येतात, सहासष्टाव्या वर्षी. निळी फाइल सोबत आणतात आणि पोरांना उघडून दाखवतात.

येत्या रविवारी येताना तुमची फाइल आणा. फाइल नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी चालेल.